तलावाची पाळ आणि पहाटेची पायवाट

ठाणेकर मासुंदा तलावाला बोलताना मासुंदा म्हणत नाहीत, ‘तलावपाळी’ म्हणतात. पाळ म्हणजे तलावाचा बांध. पाण्याचे नाव मागे पडून बांधाचे नाव रूढ झाले, यात त्या बांधावरून नित्य चालणाऱ्या पावलांचा वाटा मोठा असावा. काठी कोपिनेश्वराचे मंदिर, तलावालगतच १९७८ साली उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन, आणि पहाटे या साऱ्यांभोवती वृद्धांची फेरी व तरुणांची संथ धाव, ज्याला आता सर्वत्र जॉगिंग म्हणतात. खेड्यापाड्यांतील तलावांनाही अशी वाट कशी लाभेल आणि ती करताना कोणते पथ्य पाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शिलाहारांच्या काळी ठाण्यात साठांहून अधिक तलाव होते, असे परंपरा सांगते. आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत. जे उरले त्यांतही भेद आहे. ज्या तलावाकडे वस्तीने पाठ केली, घरांच्या मागील भिंती व सांडपाण्याच्या मोऱ्या ज्याच्याकडे वळल्या, तो आधी डबके होतो आणि मग भूखंड. ज्याच्या पाळीवरून रोज माणसे फिरतात, त्यात टाकलेली भरावाची पहिली गाडीही लपत नाही. महापालिका मुख्यालयाजवळील कचराळी तलाव, मध्ये बेट व भोवती फिरण्याची वाट असलेला, याचे चांगले उदाहरण होय. कल्याणचा काळा तलाव, ज्याचे जुने नाव शेणाळे, हाही तेथील नागरिकांचे फिरण्याचे आवडते ठिकाण आहे.

पहाटे फिरणाऱ्यांच्या हातून आणखी एक कार्य नकळत घडते. पाण्यातील वनस्पती व शेवाळ दिवसा प्राणवायू निर्माण करतात; रात्री मात्र तीही तो वापरतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. सांडपाण्याने तलाव बिघडू लागला की मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वासासाठी धडपडताना दिसतात ते याच वेळी. दहा वाजता पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ते पडत नाहीत. पहाटे धावणाऱ्याच्या पडतात. त्याने पाहिलेले ज्या नोंदवहीत लिहिता येईल अशी एक वही ग्रामपंचायतीत ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

आरोग्याची बाजू तर उघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमदार व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे. शेतकरी स्त्री-पुरुषांना हे सांगणे काहीसे हास्यास्पद ठरेल. परंतु कल्याण, अंबरनाथ, भिवंडी या तालुक्यांतील अनेक खेड्यांतून आज कारखान्यात व लोकलने मुंबईस जाणारी माणसे राहतात, आणि त्यांचे बसणे शहरवासीयांइतकेच वाढले आहे.

आता पथ्याविषयी. तलाव सुशोभित करावयाचा म्हणजे भोवती सिमेंटची भिंत उभारावयाची व फरशा बसवावयाच्या, अशी समजूत पडून गेली आहे. उद्घाटनाच्या छायाचित्रात ती शोभून दिसते, हे मान्य. पण तलाव केवळ आभाळातून भरत नाही. भोवतालच्या उतारावरून, शेताच्या बांधांतून, लहान ओहोळांतून त्यात पाणी येते. सलग भिंतीने या वाटा बुजल्या की पाणी वस्तीत तुंबते व तलाव मात्र माघ-फाल्गुनातच आटतो. उथळ काठावरील गवत व पाणवनस्पती गाळ अडवितात, तेथेच माशांची पिले वाढतात आणि बगळे-पाणकोंबड्या वावरतात. उभी भिंत हा काठच नाहीसा करते.

म्हणून वाट पावसाळी पाण्याच्या सर्वोच्च खुणेच्या वर, मुरूम दाबून करावी. पाणी जेथून येते तेथे तेथे वाटेखाली मोरी ठेवावी. दोघे जोडीने चालत असता तिसऱ्यास पुढे जाता यावे इतकी रुंदी पुरे. धावणाऱ्याच्या गुडघ्यांनाही फरशीपेक्षा मुरूम मानवतो. सावलीसाठी करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर हे आपल्याच मातीतले वृक्ष लावावेत. गुरांचा पाणवठा व धुण्याचा घाट यांना वाटेच्या आखणीतच जागा द्यावी. फिरणाऱ्यांसाठी कुंपण घालून धुणारीस हाकलणे हा विकास नव्हे.

अंतर मोजण्याचे काम शाळेवर सोपवावे. मोजपट्टी घेऊन मुलांनी पाळीची एक फेरी मोजावी, दर शंभर मीटरवर दगड रंगवावा आणि एक किलोमीटरसाठी किती फेऱ्या होतात ते वर्गात काढावे. परिमितीचा पाठ यापेक्षा चांगला कोणता?

वाट सुंदर असली म्हणजे सर्वांसाठी खुली असतेच असे नाही, हेही सांगावयास हवे. उपवन तलावापासून येऊरच्या डोंगरावर जाणारा मार्ग ठाण्यातील सर्वांत रमणीय मार्गांपैकी होय. मात्र वर लागणारे जंगल सुमारे १०४ चौ. कि.मी. विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे आहे. तेथे बिबळ्यांचा वास असून त्यांचा संचार पहाटे व तिन्हीसांजेस अधिक असतो, म्हणजे नेमका धावणाऱ्यांच्या वेळी. वनविभागाच्या नाक्यावरील वेळेचे व प्रवेशाचे नियम अडवणुकीसाठी नाहीत. शिवाय येऊरचे पाडे ही आदिवासींची घरे आहेत, सहलीचे ठिकाण नव्हे.

कामास हात घालण्यापूर्वी सातबारा उतारा पाहून तलावाची जागा ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की वनविभागाची हे निश्चित करावे, आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्यावी. अतिक्रमण आढळल्यास कायदा पंचायतीच्या पाठीशी आहे. तलाव ही समाजाची सामाईक संपत्ती असून ती राखली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या प्रकरणी दिला. २०११ च्या जगपालसिंग प्रकरणात तर गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी योजना आखावी, असे सर्व राज्यांना फर्माविले. या दोन निर्णयांच्या प्रती ग्रामसभेपुढे ठेवाव्यात.

मोजणी वैशाखात, पाणी सर्वांत कमी असताना करावी. पाण्याच्या येण्याच्या वाटा मात्र आषाढातल्या मुसळधार पावसात छत्री घेऊन, स्वतः पाळीवर उभे राहून पाहाव्यात व तेथेच खुंट्या ठोकून ठेवाव्यात. मुरूम टाकण्याचे काम दिवाळीनंतर.