जुनी फोर-बाय-फोर डिझेल गाडी धंद्यासाठी घ्यायची का? दुरुस्ती, कागदपत्रं आणि खरा हिशोब

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, परदेशातला जुना डिझेल ऑफ-रोड ट्रक मागवायचा, इथं तयार करायचा आणि धंद्याला लावायचा. जमेल का?" व्हिडिओत घाईघाईत उत्तर दिलं होतं. आज कागद-पेन घेऊन बसा, नीट समजून घेऊ.

आधी आयातीचं भूत उतरवू

यूट्यूबवर जपान-ऑस्ट्रेलियाचे जुने ट्रक बघून मन हरखतं. पण आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायचे नियम कडक आहेत. गाडी तयार होऊन ३ वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं, उतरवायची फक्त मुंबई बंदरात, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी करून घ्यायची. वर सीमाशुल्क इतकं, की गाडीपेक्षा कर जड होतो. छोट्या दुकानदारानं हा विषय इथंच बंद करावा.

आणि गरज तरी कुठं आहे? स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं विलीज जीपचे सुटे भाग बाहेरून आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. पुढं त्याच घराण्यात प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन बसवलेली एमएम ५४० आली. आज बोलेरो कॅम्परमध्ये फोर-बाय-फोर मिळते. तिचे पार्ट हिंगणघाट, वर्धा, नागपूरला मिळतात आणि मिस्त्रीला ती पाठ आहे. धंद्याच्या गाडीत हेच पाहायचं असतं: बंद पडली तर किती दिवसांत उभी राहते?

मी का घेतली, आणि कुठं चुकलो

माझं समुद्रपूरला पंप, पाईप आणि ठिबकचं दुकान. आपली काळी जमीन तुम्हाला माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गिरड, मांडगावकडच्या पांदण रस्त्यांवर साधा टेम्पो पोटापर्यंत रुततो. माल पोचवायला दरवेळी ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायचो. दोन पावसाळे ऑर्डर हातच्या गेल्या, म्हणून एक जुनी फोर-बाय-फोर कॅम्पर पाहिली. रंग चकाचक, आवाज चांगला. जागेवरच टोकन दिलं. त्यातले निम्मे पैसे वडिलांच्या एफडीचे होते.

नंतर कळलं, गाडीवर फायनान्सचा बोजा अजून चढलेलाच आहे. मालकानं हप्ते संपवले होते, पण ना-हरकत पत्र घेतलंच नव्हतं. ते मिळून नाव चढेपर्यंत दोन महिने गेले. अख्खा पावसाळा गाडी दारात उभी. वडील काही बोलले नाहीत. रोज सकाळी फक्त गाडीकडं एकदा बघायचे. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून नियम पहिला: आधी कागद, मग गाडी.

- परिवहन ॲपवर गाडीची मुदत, फिटनेस, विमा, बोजा आणि थकलेले ई-चलन बघा.
- चासिस आणि इंजिनवर ठोकलेले नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा.
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.
- नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, म्हणजे नागपूरची एमएच ३१ आणि तुम्ही वर्ध्याचे एमएच ३२, तर फॉर्म २८ सुद्धा.
- मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. हा खर्च आधीच धरा.

गाडी तपासताना

सकाळी जा, न सांगता जा. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे. डिझेल इंजिनची खरी तब्येत थंड स्टार्टलाच कळते.

धूर बघा. सतत निळा म्हणजे ऑईल जळतंय. दाट काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: नोझल, पंप, एअर फिल्टर बघा. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण काढा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

फोर-बाय-फोर तपासायची ती मऊ मातीत, डांबरी रस्त्यावर नाही. या गाड्यांत पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. डांबरावर वळवताना गिअर आणि क्रॉसवर ताण येतो. लो गिअर टाका, हळू चढावावर न्या, खटखट ऐका. शेवटी खाली झोपून चासिस, पाट्यांचे हँगर आणि डाल्याखालचा गंज बघा. चासिसला जोड दिसला तर नमस्कार करून घरी या.

दुरुस्तीचा क्रम

नवशिके आधी रंग आणि लाईटवर पैसे घालतात. क्रम असा ठेवा:

१. ब्रेक आणि स्टिअरिंग.
२. रेडिएटर, पाईप, पंखा, बेल्ट. लो गिअरमध्ये इंजिन जास्त तापतं.
३. डिझेल लाईन: फिल्टर, पाणी वेगळं करणारी वाटी, नोझल-पंपाचं कॅलिब्रेशन.
४. क्लच, क्रॉस, गिअर आणि क्राऊनचं ऑईल.
५. पाटे, शॉकॲब्सॉर्बर, बुश.
६. वायरिंग, बॅटरी.
७. रंग सगळ्यात शेवटी.

अपग्रेड कुठपर्यंत?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. पुढचा लोखंडी गार्ड बसवू नका, केंद्र सरकारनं २०१७ मध्येच त्यावर बंदीचे आदेश काढलेत. कंपनीच्या साईजमधलेच चिखलाच्या नक्षीचे टायर, मजबूत टोइंग हुक, ओढायचा पट्टा, चांगली सीट: एवढ्यात काम भागतं. पाटे वाढवून ओव्हरलोड करू नका आणि डाल्यात माणसं बसवू नका.

आता खरा हिशोब

माझे आकडे देतो. तुमचे वेगळे असतील, पद्धत तीच ठेवा.

गाडी ३,२०,०००, दुरुस्ती १,१०,०००, कागदपत्रं २५,०००, अचानक खर्चाला राखीव ४५,०००. एकूण ५ लाख. ५ वर्षांनी २ लाखांना विकली असं धरलं, तर घसारा महिन्याला ५,०००. पैशाचं व्याज १२ टक्क्यांनी ५,०००. विमा, फिटनेस, देखभाल ५,०००. म्हणजे गाडी उभी असली तरी महिन्याला १५,०००, वर्षाला १,८०,०००.

चिखलातल्या एका फेरीत ट्रॅक्टरचं भाडं वाचून, डिझेल-ड्रायव्हर वजा जाता १,००० सुटतात. अशा फेऱ्या वर्षात ७०. म्हणजे ७०,०००. उरलेले १,१०,००० कुठून आणायचे? पहिल्या वर्षी मला उत्तर नव्हतं. तोटा झाला.

मग लक्षात आलं, शेतकऱ्याला फक्त पाईप नको असतो. विहिरीतली बंद मोटर वर काढून द्यायला माणूस हवा असतो. डाल्यात तिपाई आणि चेनपुली ठेवली, एक मिस्त्री सोबत घेतला. अशा १५० भेटी, खर्च जाऊन प्रत्येकी ८०० प्रमाणे १,२०,०००. एकूण १,९०,०००. खर्च जाऊन १०,००० उरले. रक्कम लहान आहे, पण वडिलांची एफडी हळूहळू भरू लागलो.

धडा हाच: गाडी घेतली म्हणून धंदा होत नाही. ४ महिन्यांच्या चिखलासाठी १२ महिन्यांचा खर्च उचलताय, तर उरलेल्या ८ महिन्यांचं काम आधी शोधा.

तुमचा गृहपाठ: मागच्या वर्षीची बिलं काढा. फोर-बाय-फोर खरंच लागली असती अशा फेऱ्या मोजा आणि एका फेरीत सुटणाऱ्या पैशानं गुणा. उत्तर गाडीच्या वर्षाच्या खर्चापेक्षा कमी आलं, तर सध्या ट्रॅक्टर भाड्यानंच घ्या. त्यात कमीपणा काही नाही, भांडवल शाबूत राहतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशोबाची वही रोज उघडत राहा!