साइट बंद पडली: पाहुणे आले की हल्ला झाला?

नाताळच्या आठवड्यात तारकर्लीतल्या होमस्टेची वेबसाइट बंद पडली की साइट बनवणारा सांगतो, 'सर्व्हर मोठा घ्या.' पैसे काढण्याआधी आपला फोन बघा. खरी गर्दी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'एसी रूम आहे काय? जेवणात सुरमई मिळेल ना?' सुरू असतं. साइटवर झुंबड आणि फोन गप्प, तर हल्ल्याचा, म्हणजे साइट बंद पाडायला मुद्दाम पाठवलेल्या खोट्या गर्दीचा, संशय घ्यायला जागा आहे.

दुसरी तपासणीही फुकट. बहुतेक होस्टिंगमध्ये भेटींची नोंद, म्हणजे लॉग, मिळते. माणूस दर बघतो, फोटो चाळतो, नकाशा उघडतो, मध्यरात्रीनंतर पांगतो. हल्ल्यातला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बहुधा एकच पान, शोधाचं किंवा लॉगिनचं, न थकता मागत राहतो.

पण एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो भेटी दिसल्या म्हणून तो लगेच बंद करू नका. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यावरून बाहेर सोडतात. तो अडवलात तर कोल्हापूर-बेळगावचं गिऱ्हाईकच दारातून परत गेलं. गुगलच्या बॉटलाही हात लावू नका; गुगलच्या शोधात साइट दिसते ती त्याच्यामुळेच.

कधी माणसं आणि बॉट एकाच रांगेत असतात. तत्काळ तिकिटांच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात, असं रेल्वेनंच २०२५ मध्ये सांगितलं. कणकवली-कुडाळचं तिकीट काढणाऱ्या चाकरमान्याला ते आधीच ठाऊक होतं.

आता खर्च. साइटच्या पुढे उभं राहून हल्ला अडवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेचा मोफत प्लॅन शून्य रुपये. हल्ला कितीही मोठा असला तरी २०१७ पासून ते त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. फोटो त्यांच्याकडून पोचत असल्याने खऱ्या गर्दीतही साइट तग धरते. प्रो प्लॅन महिना २५ डॉलर, वर्षाचे एकदम भरल्यास महिना २०. सहा-आठ खोल्यांच्या घराला तो लागत नाही, असं माझं स्पष्ट मत. वापराप्रमाणे बिल करणारा क्लाउड मात्र हल्ल्याचंही बिल तुमच्याच नावे फाडू शकतो; तिथे खर्चाची सूचना आधीच लावून ठेवा.

'पैसे द्या, हल्ला थांबवतो' असा मेल आला तर एक पैसाही देऊ नका. मेल आणि लॉग जपा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा, आणि 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा; २०२२ च्या निर्देशानुसार त्यासाठी हल्ला लक्षात आल्यापासून सहा तास मिळतात. दोन्हीकडे शुल्क नाही.