ॲडेनोसिन : विश्रांतीचा संदेश देणारे द्रव्य

दिवसभराच्या श्रमानंतर डोळे जड होतात आणि कपभर चहाने तरतरी येते, हा सर्वसामान्य अनुभव आहे. या दोन्ही गोष्टींशी ॲडेनोसिन या द्रव्याचा निकटचा संबंध आहे.

पेशींना कामासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या संयुगातून मिळते. ते खर्ची पडत असताना ॲडेनोसिन तयार होते. श्रम वाढले किंवा प्राणवायू अपुरा पडला की त्याचे प्रमाण वाढते. पेशींच्या आवरणावरील विशिष्ट प्रथिने हा संदेश स्वीकारतात. त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. ए-१, ए-२ए, ए-२बी आणि ए-३ असे त्यांचे चार प्रकार आहेत. संदेश एकच असला, तरी तो कोणत्या अवयवातील कोणता ग्राही स्वीकारतो, यावर परिणाम अवलंबून असतो.

ॲडेनोसिनमुळे हृदयाची गती मंदावते, हे ड्रुरी व सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये केंब्रिज येथे दाखवून दिले. हे कार्य ए-१ ग्राहींमार्फत होते. ए-२ए ग्राही हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. हृदय अचानक अतिवेगाने धडधडू लागण्याच्या काही विकारांत आज ॲडेनोसिनचे इंजेक्शन शिरेतून देतात. त्याचा प्रभाव काही सेकंदच टिकतो. दम्याच्या रुग्णांत मात्र याच द्रव्याने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात.

मेंदूत जागेपणी ॲडेनोसिन साचत जाते व झोपेची ओढ लागते. चहा-कॉफीतील कॅफीन ए-१ व ए-२ए ग्राहींची जागा अडवून धरते. त्यामुळे संदेश पोहोचत नाही. थकवा मात्र तसाच राहतो. रात्री वाहन चालविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. चहा हा झोपेला पर्याय नव्हे.

मेंदूतील ए-२ए ग्राही रोखणारे इस्ट्राडेफिलीन हे औषध कंपवातावर लेव्होडोपाच्या जोडीने वापरण्यास जपानमध्ये २०१३ साली व अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली.

ॲडेनोसिन देऊन हृदयाची तपासणी करावयाची असल्यास आधी चहा-कॉफी वर्ज्य करण्याची सूचना रुग्णाला दिली जाते. ती काटेकोरपणे पाळावी, अन्यथा तपासणीचा निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो. दमा असल्यास किंवा थिओफिलीन चालू असल्यास तेही डॉक्टरांना आधीच सांगावे. ही माहिती दडविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.