अमेरिकेतील विद्यापीठांचे लसीकरण-प्रपत्र : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास शुल्क, निवास व व्हिसा यांच्याबरोबरच एक आरोग्य-प्रपत्र भरून द्यावे लागते. आपल्या लहान गावांतून व तालुक्यांतून जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा कुटुंबवैद्य हा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. म्हणून हे प्रपत्र प्रथम आपल्याच मेजावर येते आणि लस आणण्यासाठी पालक प्रथम आपल्याच परिचयाच्या औषधविक्रेत्याकडे जातात. प्रपत्रात काय मागितले आहे, आपल्याकडील जुन्या नोंदींपैकी काय चालते व काय चालत नाही, आणि आपली मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अटीमागील कारण

विद्यार्थी-व्हिसासाठी सर्वसाधारणपणे लसीकरणाचा पुरावा लागत नाही. ही अट विद्यापीठाची किंवा त्या राज्याच्या कायद्याची असते. पालकांचा येथे नेहमी गैरसमज होतो. व्हिसा हाती आला म्हणजे सर्व झाले असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात प्रपत्र अपूर्ण राहिल्यास विषयनोंदणी रोखली जाते. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यास पूर्णवेळ नोंदणी टिकवणे बंधनकारक असल्याने ही अडवणूक साधी राहत नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगितली आहेत. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे-निजणे, दुसऱ्याची वस्त्रे वापरणे ही ती कारणे होत. ज्वर व शोष यांची गणना त्यांनी तेथेच केली आहे. विद्यार्थी-वसतिगृहाचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. २००६ साली अमेरिकेत गालगुंडाची (पाषाणगर्दभ) मोठी साथ आली. साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण झाले व त्यांत महाविद्यालयीन वयाचे तरुण प्रामुख्याने होते. गोवराचे (रोमान्तिका) निर्मूलन झाल्याचे त्या देशाने २००० साली जाहीर केले होते. तरीही २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासपासून सुरू झालेल्या साथीत लस न घेतलेल्या दोन बालकांचा मृत्यू झाला.

राज्याराज्यांत फरक

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार १ जानेवारी १९५७ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या आणि सहा वा अधिक श्रेयांकांसाठी नाव घातलेल्या विद्यार्थ्याने गोवराच्या दोन, गालगुंडाची एक व रुबेलाची एक मात्रा दाखवावी लागते. टेक्सासमध्ये २२ वर्षांखालील नवागतास मेनिंगोकोकल मेंदूज्वराची लस सत्रारंभाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते व ती मागील पाच वर्षांतील असावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठ एमएमआर व कांजिण्या यांच्या प्रत्येकी दोन मात्रा, टीडॅपची एक मात्रा, २१ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यास मेनिंगोकोकल लस आणि क्षयरोगाची चाचपणी मागते. म्हणून शेजारच्या मुलाचे प्रपत्र पाहून सल्ला देऊ नये. ज्या विद्यापीठात प्रवेश आहे त्याचेच चालू वर्षाचे प्रपत्र मागवून ओळीने वाचावे.

आपल्याकडील नोंदींचे वाचन

२००४ च्या सुमारास जन्मलेल्या व शासकीय केंद्रात लसीकरण झालेल्या विद्यार्थ्याचे कार्ड पुढे ठेवून पाहू.

१) नवव्या महिन्यातील गोवराची लस : पहिल्या वाढदिवसापूर्वी दिलेली मात्रा अमेरिकेत ग्राह्य धरली जात नाही. कार्डावर ती आहे म्हणून गोवराची एक मात्रा झाली असे मोजू नये.

२) गोवर-रुबेला मोहीम : महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून ही लस दिली गेली. आज परदेशी निघालेली पिढी त्या वेळी शाळेत होती. ही मात्रा गोवर व रुबेला यांसाठी मोजता येते, परंतु तिचे कार्ड बहुतेक घरांतून हरवलेले असते. शाळेत वा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद मिळते का, हे प्रथम पाहावे.

३) गालगुंड : शासकीय कार्यक्रमात या रोगाची लस नाही. ज्यांनी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर घेतली त्यांचीच नोंद असते. बहुसंख्य विद्यार्थ्यांचे प्रपत्र येथेच अडते.

४) धनुर्वात : दहाव्या व सोळाव्या वर्षी दिलेली टीटीची मात्रा टीडॅपच्या जागी चालत नाही; तीत घटसर्प व डांग्या खोकला यांचे घटक नसतात.

५) कावीळ ब : ही लस शासकीय कार्यक्रमात देशभर २०११ नंतर पोहोचली. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांची नोंद कोरी असते. नेहमीचा क्रम ०, १ व ६ महिने असा आहे, म्हणून मागणी असल्यास प्रवेशपत्र येताच पहिली मात्रा द्यावी.

कागद सापडत नसल्यास दोन मार्ग आहेत : एमएमआरच्या दोन मात्रा नव्याने घेणे, किंवा रक्तातील आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी करणे. अनेक विद्यापीठे ही तपासणी मान्य करतात, परंतु अहवाल संदिग्ध आल्यास तो नकारात्मकच धरला जातो व लस घ्यावीच लागते. पूर्वी लस झालेली असली तरी एमएमआर पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. वेळ थोडा असल्यास पहिला मार्ग सोयीचा.

दिवसांचे गणित

एमएमआर व कांजिण्यांची लस या दोन्ही सजीव लसी आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्यात, अथवा त्यांत किमान २८ दिवसांचे अंतर ठेवावे. एमएमआरच्या दोन मात्रांतही किमान २८ दिवस हवेत. सत्ताविसाव्या दिवशी गडबडीने दुसरी मात्रा टोचून घेऊ नये.

क्षयरोगाच्या तपासणीत याहून मोठी अडचण येते. आपल्याकडे जन्मतः बीसीजी दिली जात असल्याने त्वचेवरील ट्युबरक्युलिन चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. ‘इग्रा’ या रक्तचाचणीतील प्रतिजन बीसीजीच्या जंतूत नसतात, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना तीच योग्य. मात्र एमएमआरमुळे क्षयाच्या चाचणीचा प्रतिसाद काही काळ मंदावतो व खोटा नकारात्मक अहवाल येऊ शकतो. यास्तव इग्राचे रक्त लसीपूर्वी किंवा लसीच्याच दिवशी घ्यावे. ते राहिल्यास चार आठवडे थांबावे लागते, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विमान असणाऱ्यास हे चार आठवडे परवडत नाहीत.

इग्रा सकारात्मक आली म्हणजे राजयक्ष्मा झाला असे नव्हे. छातीचे क्ष-किरण चित्र व लक्षणे पाहून सक्रिय रोग नाही ना, याची खात्री करावी लागते. सुप्त संक्रमणासाठी औषध घ्यावयाचे की नाही, हा निर्णय क्षयरोगतज्ज्ञांचा आहे. आपण घाबरलेल्या पालकांस हा भेद समजावून द्यावा आणि रुग्ण वेळेत तज्ज्ञांकडे पाठवावा.

गर्भवती स्त्री, तसेच रोगाने वा औषधाने जिची प्रतिकारशक्ती फार क्षीण झाली आहे अशी व्यक्ती, यांना सजीव लसी देता येत नाहीत. विवाहित विद्यार्थिनीस व दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यास हा प्रश्न आवर्जून विचारावा. एमएमआरनंतर सात ते बारा दिवसांनी काहींना सौम्य ज्वर व पुरळ येतो. ती साथीची रोमान्तिका समजून गडबडू नये. लघु आहार व विश्रांती पुरते. या काळात वमन-विरेचनादी शोधन न करण्याचा आमचा प्रघात आहे.

तारीख व स्वाक्षरी

अमेरिकेत तारखेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. १० जून २००४ रोजी जन्मलेल्या बालकास ५ जुलै २००५ रोजी एमएमआर दिली असेल व आपण आपल्या पद्धतीने ०५/०७/२००५ लिहिले, तर तेथील कर्मचारी ती ७ मे वाचतो. मग मात्रा पहिल्या वाढदिवसापूर्वीची ठरून बाद होते. प्रपत्रातील रकान्याचा क्रम पाहूनच तारीख लिहावी व नाव पारपत्राप्रमाणे लिहावे. स्वाक्षरी कोणत्या अर्हतेच्या व्यक्तीची चालते, हेही प्रपत्रात दिलेले असते. ज्याने लस टोचली त्याने नोंद करावी, हा सरळ नियम पाळावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. पुष्य नक्षत्रावर दिलेल्या सुवर्णप्राशनाचे कार्ड घेऊन पालक येतात आणि ‘हे लसीच्या रकान्यात लिहा’ असा आग्रह धरतात. काही जण जुन्या तारखा घालून प्रमाणपत्र मागतात. सुवर्णप्राशनास आपल्या शास्त्रात बल व मेधा यांच्या संदर्भात स्थान आहे, व्याधिक्षमत्वाचा विचारही चरकाचार्यांनी केला आहे. परंतु विशिष्ट गोवरविषाणूविरुद्ध दिलेल्या मात्रेची ती नोंद नव्हे. तसे लिहिणे असत्य ठरेल. वसतिगृहात गोवर निघाल्यास ज्यांच्याकडे पुरावा नाही त्यांना सुमारे एकवीस दिवस आवाराबाहेर ठेवले जाते. खोट्या कागदामुळे विद्यार्थी या यादीतून वगळला जाईल, पण रोगापासून त्याचे रक्षण होणार नाही. त्याच्यापासून शेजारच्या खोलीतील दुर्बल मुलासही बाधा होईल. आपली नोंदणी व आपल्या शास्त्राची विश्वासार्हता दोन्ही त्या एका स्वाक्षरीवर अवलंबून असतात. लस न घेण्याचे खरे वैद्यकीय कारण असल्यास सवलतीचा स्वतंत्र रकाना असतो, तो वापरावा.

औषधविक्रेत्यांसाठी

लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात. कावीळ ब व टीडॅप या लसी गोठल्यास निकामी होतात. त्या बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नयेत. शीतकपाटात तापमापक असावा, दिवसातून दोनदा नोंद करावी व भारनियमनाच्या काळात दार उघडू नये. एमएमआरची कुपी प्रकाशापासून जपावी आणि सोबतचा द्रव न विसरता द्यावा. चिठ्ठीशिवाय लस देऊ नये, शीतपेटीशिवाय दुकानाबाहेर पाठवू नये. पावतीवर लसीचे नाव, बॅच क्रमांक व मुदत लिहावी. पुढे कार्ड हरवले तर याच पावतीचा आधार मिळतो.

प्रत्येक चिकित्सालयात अशा विद्यार्थ्यांसाठी एक वही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. प्रवेशपत्र येताच नाव, प्रपत्राची प्रत, जुनी नोंद, इग्राचा दिवस, पहिली व दुसरी मात्रा आणि प्रस्थानाची तारीख एका पानावर लिहावी. एप्रिलमध्ये हे पान उघडले तर जुलैपर्यंत या दोन्ही मात्रा सावकाश पूर्ण होतात. जुलैमध्ये उघडले तर वैद्य, विक्रेता व पालक या तिघांचीही धावपळ होते, आणि खोट्या तारखांचा आग्रह याच धावपळीत सुरू होतो.