व्हिडिओ गेममधील समलिंगी पात्रे : एका खेळाडूचा अभ्यास

साहित्यात समाजाचे प्रतिबिंब पडते, हे आपण वर्गात नेहमी ऐकतो. व्हिडिओ गेमविषयी मात्र असे कोणी म्हणत नाही. तो वेळ दवडण्याचा उद्योग समजला जातो. परंतु या खेळांतही माणसे असतात, त्यांचे संसार असतात. मग त्यांत समलिंगी व पारलिंगी माणसांना कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न अभ्यासाचा ठरतो. खासबागेत, शेजारच्या मागांच्या खडखडाटात बसून एक खेळाडू म्हणून मला जे जाणवले, ते येथे मांडतो.

पहिला टप्पा थट्टेचा. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २' या खेळाच्या अमेरिकी माहितीपुस्तिकेत बर्डो हे पात्र पुरुष असून स्वतःला मुलगी समजते, असे विनोदाने छापले होते. आपल्या गॅदरिंगमधील 'बायकी' पात्राला जसा हशा मिळतो, तसाच हा प्रकार.

दुसरा टप्पा निवडीचा. 'द सिम्स' (२०००) या घर-संसाराच्या खेळात समलिंगी प्रेम ठेवायचे नाही, असे ठरले होते. पण पॅट्रिक बॅरेट या नव्या प्रोग्रामरच्या हाती जुना आराखडा आला व त्याबरहुकूम त्याने ते खेळात बसवले. १९९९ च्या ई-थ्री प्रदर्शनात लग्नाचा प्रसंग चालू असता दोन स्त्री-पात्रांनी आपणहून चुंबन घेतले आणि खेळाचा बोलबाला झाला. तरीही समलिंगी जोडप्याला 'विवाह' हा शब्द मिळाला तो २००९ च्या तिसऱ्या भागात.

या खेळाचा चौथा भाग २०२२ साली मोफत झाला, तेव्हा मी तो जुन्या संगणकावर घेतला. एका घरात दोन तरुण ठेवले, त्यांचे लग्न लावले. आईने मागून पाहून विचारले, "हे दोघे भाऊ काय रे?" मी "होय" म्हणालो. खेळात जे सहज करता आले, ते तोंडाने बोलता आले नाही.

येथेच निवडीच्या पद्धतीतील उणीव दिसते. खेळाडूने निवडले तरच ते प्रेम अस्तित्वात येते. न निवडल्यास कोणाला पत्ताही लागत नाही. शिवाय कधी त्याची किंमत जबर असते. 'लाइफ इज स्ट्रेंज' (२०१५) मध्ये मॅक्सला शेवटी क्लोई ही मैत्रीण किंवा सारे गाव, यांपैकी एकालाच वाचवता येते.

तिसरा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 'टेल मी व्हाय' (२०२०) चा एक नायक टायलर हा पारलिंगी पुरुष आहे. तो तसा आहे, हे खेळाडूच्या मर्जीवर अवलंबून नाही. त्याला आवाजही ऑगस्ट ब्लॅक या पारलिंगी नटाने दिला. 'द लास्ट ऑफ अस भाग २' (२०२०) मधील एलीचेही तसेच. तिचे डीनावरील प्रेम आपण निवडत नाही; ते मान्य करूनच पुढे खेळावे लागते.

कोणी म्हणेल, ही परदेशची खुळे. पण आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जोगप्पा पिढ्यान्‌पिढ्या परडी घेऊन येत आहेत. 'जोगवा' (२००९) या मराठी चित्रपटाने त्या जगाचे दुःख पडद्यावर आणले. कर्नाटकातील जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ चा पद्मश्री सन्मान लाभला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, तर २०१८ साली समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. समलिंगी विवाहाला मात्र २०२३ साली त्याच न्यायालयाने मान्यता नाकारली. म्हणजे खेळातले ते लग्न आपल्याकडे अजून खेळातच आहे.

कोणत्याही खेळाने समाज एका रात्रीत बदलत नाही. परंतु दुसऱ्याच्या जागी उभे राहून तासन्‌तास चालायला तो लावतो, हे त्याचे सामर्थ्य आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मित्रांनी उद्या असा एखादा खेळ आपल्या मातीतून घडवावा, ही अपेक्षा. माझ्यापुरते म्हणाल, तर आईने तो प्रश्न पुन्हा विचारला की या वेळी खरे उत्तर द्यायचे, असे मी ठरवले आहे.