पत्र्याच्या दोन खोल्यांचे मंदिर

वाचन : यिर्मया २९:४-७; निर्गम ३५:३० ते ३६:७



१९ मार्चला आपण संत योसेफाचा सण साजरा करतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (१३:५५) गावकरी प्रभू येशूला सुताराचा मुलगा म्हणतात. तिथे मूळ ग्रीक भाषेत ‘टेक्टोन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ केवळ लाकूड तासणारा एवढाच नाही. घर उभारणाऱ्या कारागिरालाही तो शब्द लागू पडतो. योसेफाच्या तोंडचे एकही वाक्य शुभवर्तमानात नाही. त्याने संसार केला, देवाचे ऐकले आणि हातांनी काम केले, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

या तिमाहीच्या पाठासाठी मी अशाच एका माणसाची आठवण निवडली आहे. तो धर्मगुरू नव्हता, व्रतस्थ नव्हता. भाविक कॅथलिक, बायकामुलांचा माणूस आणि हाताचा कारागीर होता. त्याचे नाव दोमेनिको कियोकेत्ती.

डोंगरातला माणूस

दोमेनिकोचा जन्म १९१० साली उत्तर इटलीतील मोएना या डोंगराळ गावी झाला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो इटलीकडे आला. राज्य बदलले, पण गावाची बोली तीच राहिली. तिथले लोक लादिन ही थोड्या लोकांची, डोंगरातली भाषा बोलतात. कन्नड-सोयगावच्या डोंगरातील आपल्या भिल्ल कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. सरकारी कागदाची भाषा एक आणि आईच्या मांडीवरची भाषा दुसरी, हे ते रोज अनुभवतात.

दोमेनिको रंगकाम करणारा चित्रकार होता. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या हाती सापडला. असे हजारो इटालियन कैदी तेव्हा आपल्या देशातही होते. भोपाळजवळ बैरागड, हिमाचलातील योल, देहराडून आणि बंगळूर इथे त्यांच्या छावण्या होत्या. दोमेनिकोला मात्र १९४२ च्या सुरुवातीला स्कॉटलंडच्याही उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर नेण्यात आले. त्याच्याजवळ आईने दिलेले एक लहानसे पवित्र चित्र होते. त्यात पवित्र मरियेच्या कडेवर बाळ येशू असून बाळाच्या हातात ऑलिव्हची फांदी आहे. निकोलो बाराबिनो या चित्रकाराच्या चित्राची ती छोटी प्रत. सगळ्या युद्धात ती त्याने जपून ठेवली.

हुकमाचे काम आणि मनाचे काम

ऑक्टोबर १९३९ मध्ये एका जर्मन पाणबुडीने ऑर्कनीच्या बंदरात शिरून ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८०० हून अधिक माणसे मेली. पुन्हा असे होऊ नये म्हणून बेटांमधल्या खाड्या काँक्रीटचे ठोकळे टाकून बुजवायचे ठरले. त्यासाठी लॅम्ब होम या उजाड बेटावरील ६० नंबरच्या छावणीत सुमारे ५५० इटालियन कैदी ठेवले होते. एकेक ठोकळा पाच किंवा दहा टनांचा. वर थंड वारा आणि पाऊस. शत्रूचे लष्करी काम कैद्यांकडून करून घेता येत नाही, म्हणून कैद्यांनी सुरुवातीला काम थांबवले होते. या बांधांवरून बेटांना जोडणारा रस्ता होणार आहे, असे त्यांना सांगण्यात आले. चारही बांध आजही उभे आहेत आणि त्यांवरून वाहने जातात.

छावणीत प्रार्थनेला जागा नव्हती. कैद्यांनी मागणी केली, त्यांच्या धर्मगुरूंनी शब्द टाकला, छावणीचा अधिकारीही अनुकूल होता. १९४३ च्या अखेरीस त्यांना पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. आडवे पिंप उभे कापून जमिनीवर पालथे घातले तर जसे दिसेल, तशा या अर्धगोल खोल्या. त्या एकामागे एक जोडल्या आणि कामाला हात लागला.

दिवसभर हुकमाचे काम करायचे आणि उरलेल्या वेळात मंदिराचे. आतल्या पन्हळी पत्र्यावर तक्ते बसवून दोमेनिकोने त्यांवर विटा आणि कोरीव दगडाचा भास होईल असे रंगकाम केले. वेदी काँक्रीटची केली. वेदीमागे त्याने आईने दिलेल्या त्या छोट्या चित्रावरून पवित्र मरियेचे मोठे चित्र काढले. बाजूला असीसीचे संत फ्रान्सिस आणि सिएनाची संत कॅथरीन. पालुम्बी नावाच्या लोहाराने वेदीसमोरची घडीव लोखंडाची नाजूक जाळी केली. बुत्तापास्ता सिमेंटकामात तरबेज होता. त्याने इतरांच्या मदतीने पुढची दर्शनी भिंत उभारली, म्हणून समोरून पाहणाऱ्याला मागचा पत्रा दिसतच नाही. मांसाच्या रिकाम्या डब्यांचे दिवे झाले. बुडालेल्या जहाजातले लाकूड पवित्र पेटीसाठी वापरले. त्याआधी दोमेनिकोने छावणीच्या मैदानात संत जॉर्जचा पुतळा केला होता. त्याचा सांगाडा काटेरी तारेचा आणि वरून सिमेंटचा लेप. कैद्याला कोंडणारी तारच त्याने पुतळ्याच्या आत घातली.

सप्टेंबर १९४४ मध्ये कैद्यांना तिथून हलवले. बाप्तिस्म्याचे कुंड अजून अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी दोमेनिको मागे राहिला. ज्या बेटावर त्याला कैदी म्हणून आणले होते, तिथेच तो काम संपेपर्यंत आपण होऊन थांबला.

राखले कोणी?

युद्धानंतर छावणी मोडली. मंदिर आणि संत जॉर्जचा पुतळा मात्र राहू दिला. बेटाच्या मालकाने निघून जाणाऱ्या कैद्यांना शब्द दिला होता की आम्ही हे सांभाळू. ऑर्कनीचे लोक बहुतांशी प्रोटेस्टंट पंथाचे. तरीही १९५८ साली त्यांनीच मंदिर राखण्यासाठी समिती केली. १९६० मध्ये दोमेनिकोला बोलावले. तो तीन आठवडे राहिला आणि उडालेले रंग पुन्हा भरले. जाताना त्याने तिथल्या लोकांना पत्र लिहून कळवले की हे मंदिर आता तुमचे आहे. १९६४ मध्ये तो पत्नी मारियाला घेऊन परत आला आणि क्रुसाच्या वाटेची १४ लाकडी स्थाने मंदिराला भेट दिली. बाकीचे आयुष्य त्याने मोएनातच रंगकाम आणि संसार करीत काढले. ७ मे १९९९ रोजी तो प्रभूघरी गेला. त्यानंतर त्या पत्र्याच्या मंदिरात त्याच्यासाठी मिस्सा झाली, तेव्हा त्याची पत्नी आणि मुले तिथे होती.

आपल्यासाठी पाठ

वस्त्यांवर बायबल अभ्यासाला गेलो की एक प्रश्न मला हमखास विचारतात : “आमचं प्रार्थनाघर पत्र्याचंच राहणार का? शहरातल्यासारखं कधी होणार?” या प्रश्नात थोडी लाज असते आणि बरेच दुःख असते. पत्र्यातही देव असतो, असे म्हणून तो उडवून लावणे बरे नव्हे. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात आवाजाने शब्द ऐकू येत नाहीत. चांगली जागा मागणे हा लोभ नाही. ऑर्कनीच्या कैद्यांनीही मागितलीच होती.

पण त्यांच्याकडून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. बांधाचे काँक्रीट आणि वेदीचे काँक्रीट एकाच बेटावरचे होते. हातही तेच होते. बांध हुकमाने बांधला, मंदिर मनाने. आपले भाऊबहीण ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर राबतात, छत्रपती संभाजीनगरच्या इमारतींवर घमेली वाहतात. दुसऱ्यांच्या भिंती उभारण्याचे कसब त्यांच्या हातात आहे. मग त्यांच्या वस्तीत प्रार्थनाघर, शाळेची खोली किंवा वसतिगृह बांधताना आपण सगळे कंत्राटदाराकडे सोपवले आणि उद्घाटनाला त्यांना फक्त टाळ्या वाजवायला बोलावले, तर ती इमारत त्यांची कशी होणार? ती आणखी एका मालकाची इमारत होईल.

निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप बांधताना देव बसालेल आणि अहलियाब या कारागिरांची नावे घेऊन त्यांना पुढे करतो. कसब हे आत्म्याचे दान आहे असे तिथे सांगितले आहे. लोक मनापासून इतके आणून देतात की शेवटी मोशेला पुरे म्हणावे लागते. हे लोक नुकतेच मिसर देशातल्या विटांच्या कामातून सुटलेले होते, हे विसरू नये. आणि यिर्मया बाबेलातील बंदिवानांना लिहितो की घरे बांधा, संसार करा, ज्या नगरात नेले आहे त्याचे भले मागा. दोमेनिकोने हेच केले. परक्यांच्या भूमीवर त्याने प्रार्थनेची जागा केली, आणि परक्यांनी ती आपली म्हणून राखली.

आपण देणगीदार असू, तर पैसे देण्याआधी विचारावे : तिथला गवंडी कोण, सुतार कोण, भिंती रंगवणारी बाई कोण? त्यांना योग्य मजुरी मिळते का? इमारतीची किल्ली शेवटी कोणाकडे राहणार? आणि एकदा बांधून झाल्यावर, रंग उडाल्यावर, आपण पुन्हा तिथे जाणार का?

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या धर्मग्रामात हाताचे कसब असलेले कोण आहेत? त्यांना आपण कधी कोणत्या कामासाठी विचारले?

२. आपण केलेले कोणते काम हुकमाचे होते आणि कोणते मनाचे? फरक कशाने पडला?

३. दुसऱ्या पंथाच्या किंवा धर्माच्या शेजाऱ्यांनी आपले काही राखले आहे का? आपण त्यांचे काय राखले?

प्रार्थना

हे प्रभो, तू स्वतः कारागिराच्या घरी वाढलास. वीटभट्टीवर, उसाच्या फडात आणि बांधकामावर राबणाऱ्या तुझ्या लेकरांना त्यांच्या कष्टाचे मोल मिळू दे. त्यांच्या हातांनी त्यांचीही घरे उभी राहू देत. आणि आम्ही जे बांधतो ते त्यांच्या स्वाधीन करण्याचे मोठे मन आम्हाला दे. आमेन.