बहात्तरने गुणावे

आमच्या भोसरीच्या दोन खोल्यांत छंदाला जागा अशी एकच, ती म्हणजे खिडकीचा कट्टा. गेल्या उन्हाळ्यात त्या कट्ट्यावर मी एक विमान बांधले. ‘नॅट’ जातीचे, एकास बहात्तर या प्रमाणाचे. खरे नॅट पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेसात मीटर. माझे ९४ मिलिमीटर, तळहातावर सहज मावणारे.

नॅटच का, असे पुष्कळांनी विचारले. मी इतिहासाचा विद्यार्थी. ब्रिटनच्या फॉलंड कंपनीचे हे चिमुकले लढाऊ विमान आपल्याकडे बंगळूरला परवान्याने बांधले जाई. १९६५ च्या युद्धात त्याने सेबर विमानांशी अशा झुंजी दिल्या, की त्याला ‘सेबर स्लेयर’ हे टोपणनाव पडले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों लढले तेही नॅटमधूनच. त्यांना मरणोत्तर मिळालेले परमवीरचक्र हे वायुदलातील एकमेव होय.

आणि बहात्तरच का? हा फूट-इंचांचा हिशेब आहे. सहा फुटांचा एक इंच केला की प्रमाण बहात्तर येते. सहाफुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान ओळखायला शिकवण्यासाठीही याच प्रमाणाच्या प्रतिकृती वापरत.

बाजारचा संच आणला, सुटे भाग जुळवून पाहिले आणि मोठ्या ऐटीने मामांना दाखवले. मामा तीस वर्षे फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचे ओतीव काम करायचे तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो करणारा हा कारागीर. मामांनी चष्मा सावरला, पंखाची मागची कड व्हर्नियरमध्ये धरली आणि म्हणाले, “शून्य पॉइंट सहा. बहात्तरने गुण.”

गुणाकार त्रेचाळीस मिलिमीटर आला.

“एवढ्या जाड कडेचं विमान तू कुठं पाहिलंस?”

माझा सगळा अभ्यास या एका प्रश्नातून सुरू झाला. दोष संच बनवणाऱ्याचा नसतो. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात शिरते, पण फार अरुंद फटीत ते पोचण्याआधीच थिजते. म्हणून खऱ्या विमानात जे पत्र्याइतके पातळ, ते संचात जाडच निघते. असे जाड भाग शोधायचे, बहात्तरने गुणायचे, आणि उत्तर हास्यास्पद आले तर तो भाग घासायचा किंवा स्वतः नवा करायचा.

पंखाचे वरचे व खालचे असे दोन भाग असतात. ते चिकटवण्यापूर्वी आतल्या बाजूने घासावेत. बाहेरून घासल्यास पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा जातात. काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून पसरावा आणि पंख त्यावर बोटाने हलकेच फिरवावा. जोडलेली कड ०.२ पर्यंत आली की थांबावे. मी थांबलो नाही, आणि डाव्या पंखाला आरपार भोक पडले. ते बुजवण्यात एक रविवार गेला.

तोफांचे काम मात्र तासाभराचे. नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, हवा ओढणाऱ्या तोंडांच्या बाहेरच्या अंगाला. संचात तेथे नुसते भरीव टेंगूळ असते. तीसला बहात्तरने भागले की ०.४२ येते, आणि इंजेक्शनच्या २२ नंबरच्या सुईचे आतले भोक जवळजवळ तेवढेच असते! सुई औषधाच्या दुकानातून कोरी घ्यावी, वापरलेलीला हात लावू नये. पकडीने तोडली तर तोंड चेपते. बारीक त्रिकोणी कानशीने गोल खाच पाडून मग मोडावी. वैमानिकाचे पट्टे मी गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पापुद्र्यातून कापले. त्याची जाडी ०.०३, म्हणजे खऱ्यातले दोन मिलिमीटर.

खरी परीक्षा वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाची. संचातले १.१ मिलिमीटर जाड, गुणाकार एकोणऐंशी. आतले पट्टे धुक्यात बुडाल्यासारखे दिसत. मामा शिवणीच्या लाकडाचा तुकडा घेऊन आले. त्यांच्या कारखान्यातला नमुन्यांचा विभाग पाच वर्षांपूर्वी बंद झाला. आता संगणकावरच्या आराखड्यावरून यंत्र नमुना कोरते. तेव्हापासून मामांची पटाशी पेटीतच होती.

“ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून आम्ही नमुना मोठा करायचो,” ते म्हणाले. “इथं उलटं. पत्रा वरून बसणार, तेव्हा त्याच्या जाडीइतका नमुना लहान.” हात थोडा कापत होता, म्हणून कोपर त्यांनी कट्ट्यावर टेकवला. नखाएवढे ते झाकण कोरायला दोन संध्याकाळी लागल्या.

शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून आम्ही शेगडीवर धरला. मऊ पडून मधोमध झोल आला की झटकन नमुन्यावर दाबायचा. पहिल्याला सुरकुती पडली. दुसरा जास्त तापून पांढरा झाला. तिसऱ्यावर लाकडाचे रेषे उमटले. मग नमुन्याला लाखेचे चार हात देऊन घासला. चौथे झाकण काचेसारखे निघाले, आणि ते मी रात्री अकराला घाईने फेव्हिक्विकने चिकटवले. सकाळी आतून पांढरी पुटे चढली होती. त्या गोंदाच्या वाफेने असे होते, हे तेव्हा कळले. येथे साधे फेव्हिकॉलच वापरावे. ते वाळल्यावर दिसत नाही.

मामा आले, पाहिले, काही बोलले नाहीत. शेगडी पेटवली.

रिव्हेटांवरून मात्र आमचे अजून जमत नाही. पाच मिलिमीटरचे डोके बहात्तरने भागले तर ०.०७ उरते. दिसणारच नाही ते कोरू नये, असे माझे मत. मामांच्या मते निदान पंखाच्या मुळाशी एक ओळ हवी.

पाचवे झाकण बसले आहे. नमुना मामांनी परत नेला नाही. त्याच्या तळाला, कारखान्यातल्या नमुन्यांवर लिहीत तसे, त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : नॅट, ७२, उणे ०.२.